तोंडात टाचण्या असेपर्यंत

मंगळवार, २ एप्रिल १९६३

गॅडिसबाईंनी आज वर्गातल्या प्रत्येकाला वही घ्यायला लावली. "कोण काय बोललं, कधी बोललं, तारीख घालून लिहा. उद्या वकील विचारतील तेव्हा 'बहुतेक' आणि 'असं वाटतं' काही कामाचं नाही." बाईंनी मला तिसरीत शिकवलंय. बेचाळिसाव्या वर्षीसुद्धा त्यांच्यापुढे माझे हात आपोआप पाठीमागे जातात.

तर लिहिते. पण ही वही कुणाला दाखवणार नाही. बाईंना हवं तेवढं वेगळ्या कागदावर उतरवून देईन.

वेस्ली हार्मनची नोकरी गेली. अकरा वर्षं तो आपल्या काळ्या मुलांच्या शाळेची बस चालवत होता. मतदार म्हणून नाव घालायला काल तो कोर्टात गेला. महिन्यातून दोनच सोमवारी ते टेबल उघडतं, पहिल्या आणि तिसऱ्या. तो जाणार हे रविवारीच शाळाखात्याच्या गोऱ्या साहेबाला ठाऊक होतं. संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, "वेस्ली, उद्या कोर्टाकडे पाय वळले तर बसच्या किल्ल्या आत्ताच दे."

वेस्ली तरी गेला. आज बस दुसरा कोणी चालवतोय.

रविवारी कळलं! चर्चच्या तळघरात आम्ही अकरा जण बसतो, चार पानांचा फॉर्म भरायला शिकतो. वेस्लीचं जायचं ठरलं ते त्या अकरा जणांपुढे. बाई म्हणाल्या, "कुंपणच शेत खातंय." मग कोणी कोणाकडे बघेना. मी मात्र बघितलं. एकेकाचे हात बघितले, कारण चेहरा सांभाळता येतो, हात सांभाळता येत नाहीत. तीस वर्षं शिवणकाम करून एवढं कळतं.

आयडेला क्रॉस पेन्सिलीला टोक काढत बसली होती. टोक आधीच होतं.

गुरुवार, ४ एप्रिल

दुपारभर मिस एलिनॉरकडे (गोऱ्या बाईचं लग्न झालं तरी आमच्या तोंडी 'मिस'च). जूनमध्ये त्यांच्या मुलीचं लग्न. नवरीचा झगा मी शिवायचा, करवल्यांचे सहा तेही मीच. गावात गोऱ्या शिंपिणी आहेत, पण मिस एलिनॉर म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या अंगाला लुवीशिवाय कोणाचा हात लागणार नाही."

माझी आई त्यांच्या घरी कामाला होती. त्यांच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी एकत्र चिखलाचे केक केले. मी त्यांच्याहून सहा महिन्यांनी मोठी. आता त्यांचा नवरा लाकडाच्या गिरणीचा मालक, तरी त्या मला स्वयंपाकघरात नाही, शिवणाच्या खोलीत बसवून गार चहा देतात, आणि स्वतःही समोर बसतात. गावात दुसरी कोण असं करते?

"डोळे सुजलेत तुझे, लुवी. झोप नाही का?"

"वेस्ली हार्मनची बायको माझी चुलतबहीण लागते, मिस एलिनॉर. त्यांच्या घरी जरा अडचण आहे."

"ऐकलं मी. वाईट झालं. पण त्याला कुणी भरीला घातलं? तो तर गरीब स्वभावाचा माणूस."

मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं की गॅडिसबाईंना कोण नाही म्हणणार, त्यांनी आम्हा सगळ्यांनाच लिहायला शिकवलंय. मिस एलिनॉर हसल्या.

माणसं म्हणतात गोऱ्यांपुढे तोंड उघडू नये. मला शिकवायला नको. तोंडात टाचण्या असेपर्यंत मी कधी बोलतच नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

येत्या सोमवारी पर्लीन ओट्स जाणार. पर्लीन कपडे धुते, इस्त्री करते, गिरणीच्या जागेतल्या दोन खोल्यांत तीन मुलांसह राहते. तिनं फॉर्म चार वेळा एकही चूक न करता भरून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आयडेलानं जरा उशिरा वाजवल्या.

आयडेला शेरीफच्या घरी स्वयंपाक करते. हे मला इतके दिवस खटकलं कसं नाही? एक मंगळवारची संध्याकाळ सोडली तर सकाळी सहापासून रात्रीची भांडी होईपर्यंत शेरीफच्या टेबलाभोवती. वर्गाला सगळ्यांच्या आधी येते, मागच्या बाकावर बसते, प्रश्न विचारते. "कोण कोण जाणार? किती वाजता निघणार?" शिकणाऱ्या माणसाला हे कशाला हवं?

घरी होसियाला म्हटलं. माझा नवरा रेल्वेत आहे, दिवसाला दहा वाक्यं बोलतो. त्यातलं एक खर्ची घातलं: "आयडेला तुझ्याबरोबर शाळेत होती ना?"

म्हणूनच म्हटलं मी. शाळेतही ती गप्पच असायची.

गुरुवार, ११ एप्रिल

करवल्यांच्या झग्यांची लेस धुऊन इस्त्री करायची आहे. मिस एलिनॉर म्हणाल्या, सोमवारी पर्लीनला पाठव. मी म्हटलं, सोमवारी ती मोकळी नाही, मंगळवारी येईल. "सोमवारी काय आहे तिचं?" "गावात काम आहे, मिस एलिनॉर." एवढंच. फक्त गावात काम आहे म्हटलं.

नवरी मुलगी कंबरेत पुन्हा बारीक झाली. दोन्ही बाजूंनी शिवण आत घ्यावी लागणार.

शनिवार, १३ एप्रिल

पर्लीनला गिरणीच्या मॅनेजरनं खोल्या खाली करायला सांगितल्या. संध्याकाळपर्यंत. तिच्या गाद्या रस्त्यावर होत्या आणि धाकटी मुलगी गादीवर बसून पीच खात होती, सणाला पाहुणी आल्यासारखी. उद्या ईस्टर.

सोमवारी ती आता कुठून जाणार? "राहण्याचा पत्ता" असा एक रकानाच आहे फॉर्ममध्ये.

गिरणी मिस्टर रँडॉल्फची, म्हणजे मिस एलिनॉरच्या नवऱ्याची. पण त्यांना असल्या गोष्टी कुठे माहीत असतात, सगळं मॅनेजरच बघतो. मिस एलिनॉरच्या कानावर घातलं पाहिजे. त्यांना वाईट वाटेल.

आयडेला बादलीभर कोलार्डची भाजी घेऊन पर्लीनकडे आली होती. सगळ्यांच्या आधी तिला कसं कळलं?

मंगळवार, १६ एप्रिल

वर्ग सुटल्यावर बाईंना गाठलं आणि मनातलं बोलले.

बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "पुरावा?"

"शेरीफच्या घरी असते ती, बाई. पुरावा अजून काय हवा?"

"मीसुद्धा बेचाळीस वर्षं गोऱ्या बोर्डाच्या शाळेत होते."

"तुमची गोष्ट वेगळी."

"का वेगळी?"

मी निघायला वही उचलली. पण वेस्लीनं ऐकलं आणि तो म्हणाला, "लुवेनिया म्हणते त्यात तथ्य असेल. किंवा नसेल. एक मात्र खरं, लुवेनिया, तुला काही झालं नाही. नशीबवान आहेस." मी म्हटलं, सांभाळून राहते मी. त्यानं मान हलवली. बिचारा, नोकरी गेल्यापासून त्याच्या बोलण्यात काहीतरी कडू आलंय.

शेवटी ठरलं: आयडेलाला काही दिवस वर्गाचं सांगायचं नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

पर्लीनचं सांगितलं. मिस एलिनॉरच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मुलींसाठी जुने फ्रॉक काढून दिले, चांगले आहेत, फक्त काखेत उसवलेत.

मग म्हणाल्या, "शेरीफच्या बायकोकडची ती आयडेला, तिचं बरं आहे ना? तिच्या हातची मक्याची भाकरी काय असते!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचं काय विचारता, मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसते." लगेच सावरून म्हटलं, "चर्चमध्ये, भजनाच्या तालमीला."

"बरोबर," मिस एलिनॉर म्हणाल्या. "भजनाला."

शनिवार, २० एप्रिल

शेरीफनं आयडेलाला कामावरून काढलं म्हणे. अॅप्रनसुद्धा दारातच उतरवून घेतला.

सगळ्या बायका हळहळल्या. पर्लीन म्हणाली, बघा, आपण उगाच संशय घेत होतो. पण मला विचाराल तर हे फार वेळेवर झालं. आपण तिला बाहेर ठेवलं, लगेच तिला काढलं! आता दया येऊन आपण परत आत घेऊ असा हिशेब असणार. शेरीफ काही मूर्ख नाही.

रविवार, २१ एप्रिल

चर्चमध्ये आयडेला नेहमीच्या बाकावर बसली. तो बाक भरलाच नाही. मी दोन बाक मागे होते. तिच्या हॅटवरचं फूल प्रार्थनाभर हलत होतं, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही.

बुधवार, २४ एप्रिल

आयडेला सकाळी दारात. आत ये म्हटलं तर येईना.

"लुवी, तूच बोललीस ना माझ्याबद्दल?"

"बोलायला कशाला हवं? सगळ्यांना दिसतंय."

"काय दिसतंय? माझी नोकरी गेली ते दिसतंय? तुझं मशीन अजून चालू आहे तेही दिसतंय मला."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मला काही म्हणायचं नाही. मी नऊ वर्षं शेरीफच्या टेबलाशी उभी राहिले, कानांना कुलूप लावून आणि तोंडालाही. तू एकदा येऊन विचारलं असतंस. फक्त विचारलं असतंस, तरी चाललं असतं."

आणि गेली. मशीनवर बसले तर दोरा तीनदा तोडला. रागानं.

संध्याकाळी बाईंकडे गेले आणि म्हटलं, पुरावा हवा होता ना, मग सापळा लावू. दोघांना वर्गाचं वेगवेगळं खोटं ठिकाण सांगू. पोलीस जिथे येतील तिथला माणूस खोटा. आयडेलाला सांगायचं, तुला परत घेतलंय, मंगळवारी सहा वाजता मयताचं सामान विकणाऱ्या दुकानात ये. वर्गातले डीकन बर्चेट, चर्चचे वडीलधारे, कोर्टात झाडलोट करतात, म्हणून त्यांच्यावरही माझा थोडा डोळा आहे. त्यांना नेबो चर्च सांगायचं. खरा वर्ग नदीपलीकडे लॉजच्या, म्हणजे आपल्या लोकांच्या मंडळाच्या, हॉलमध्ये. ते फक्त बाईंना, मला आणि गाडी चालवणार म्हणून होसियाला ठाऊक. बाकीच्यांना बाई मंगळवारी दुपारी स्वतः दारोदार जाऊन सांगणार.

बाईंना आवडलं नाही. "माणसांना उंदरासारखं पकडायचं," म्हणाल्या. पण हो म्हणाल्या.

गुरुवार, २५ एप्रिल

मिस एलिनॉरना मंगळवारी संध्याकाळी झगा घालून बघायचा होता, नवरीच्या आत्या येणार आहेत. मी म्हटलं मंगळवारी जमणार नाही, नदीपलीकडे जायचंय.

"नदीपलीकडे कोण गं तुझं?"

आता मी काही दूधखुळी नाही. तयारच होते. "लॉजच्या हॉलमध्ये बायकांनी रजई शिवायला घेतलीय, मिस एलिनॉर. चर्चच्या मदतीसाठी." पटकन जमलं. डोळ्याची पापणीही हलली नाही.

"अगं मग मला एक घ्यायचीच आहे," त्या म्हणाल्या. पाऊण केक बांधून दिला.

मंगळवार, ३० एप्रिल

हे नीट लिहायला हवं. बाईंना लिहिता येणार नाही, म्हणून मलाच.

सहाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही पूल ओलांडला. ऊन अजून नदीवर होतं. हॉलसमोर शेरीफच्या दोन गाड्या सावलीत उभ्या होत्या, शिपाई बॉनेटवर बसून आमच्या गाड्यांचे नंबर लिहीत होते. घाई नव्हती त्यांना. हॉलचा रखवालदार नंतर म्हणाला, ते सकाळी एकदा येऊन जागा बघून गेले होते.

सकाळी! बाईंनी दुपारपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

बाई जिना चढून दाराशी गेल्या. शिपाई म्हणाला, हॉल बंद आहे. बाई म्हणाल्या, "कुणाच्या हुकुमानं? कागद दाखवा." सदुसष्ट वर्षांच्या, हातात पाटीएवढी पर्स. त्यानं ढकललं म्हणता येणार नाही. खांदा लावून पुढे सरकला, माणूस दाराला सरकवतो तसा. बाई चार पायऱ्या खाली आल्या. उजवं मनगट. आवाज मी ऐकला.

तशाच त्यांना गाडीत घातलं. शांतता भंग केली म्हणून.

डीकन बर्चेट नेबो चर्चमध्ये एकटेच बसून होते. आयडेला मयताच्या दुकानात, शवपेट्यांच्या मधल्या खुर्चीवर, वही मांडीवर घेऊन, दोन तास. दुकानदार म्हणाला, "तिनं नाव-गाव-पत्ता सगळं पानभर लिहून काढलं, अक्षर चांगलं यावं म्हणून." त्या दोन्ही ठिकाणी कोणी फिरकलं नाही.

गुरुवार, २ मे

बाईंना सोडलं. मनगट प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणतो, हाड वाकडं जुळेल.

मिस एलिनॉरकडे आज गेले नाही, डोकं दुखतंय असं कळवलं.

कोणाला ठाऊक होतं: बाई, मी, होसिया. बाई नव्हेत. मी नव्हे.

होसिया.

लिहिलं आणि पुसलं आणि पुन्हा लिहिलं. अठरा वर्षांचा संसार. पण त्याला कोणी काही केलेलं नाही, रेल्वेतलं काम शाबूत आहे. तो बोलत नाही. न बोलणारा माणूस आत काय साठवतो कोणाला माहीत?

शनिवार, ४ मे

होसिया जेवून हत्यारांची पेटी घेऊन निघाला. कुठे म्हटलं तर "जरा बाहेर." मी चप्पल घातली आणि मागून गेले. अशी वेळ येईल वाटलं नव्हतं.

तो आयडेलाच्या घरी गेला. तिच्या पुढच्या पायऱ्या कुजल्यात, त्या काढून नव्या ठोकत होता. मी झुडपामागे उभी, स्वतःच्या नवऱ्यावर पाळत ठेवून. दोन फळ्या होईपर्यंत उभी राहिले. मग पुढे गेले.

"हे काय?"

"पायऱ्या."

"ते दिसतंय. तिच्याच का?"

"कोणीतरी जायला नको तिच्याकडे?"

घरी येताना रस्त्यातच विचारलं. हॉलचं कोणाला बोललास का? तो थांबला. पेटी खाली ठेवली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"लुवी, गुरुवारी त्या घरात तू काय बोलतेस?"

"मी? काही नाही. तोंडात टाचण्या असतात माझ्या."

"आणि काढल्यावर?"

मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. त्याला मिस एलिनॉर पहिल्यापासून खुपतात. माझ्याशी कोणी बरोबरीनं बोललं तर पुरुषांना सोसत नाही.

गुरुवार, ९ मे

झग्याचा खालचा घेर दुमडत होते. नवरी स्टुलावर उभी होती, मग तिचा फोन आला म्हणून झगा उतरवून गेली. मिस एलिनॉर समोर बसल्या, चहा ओतला.

"त्या मास्तरीणबाईंचा हात आता कसा आहे?"

"बरा आहे."

"मी रँडॉल्फला बजावलं होतं हं, लुवी, की शेरीफला सांग. कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही, नुसते गाड्यांचे नंबर घ्या. पुरुष कुठे ऐकतात. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक काढून टाचण्यांच्या उशीत टोचल्या.

"हॉल कुठला ते मिस्टर रँडॉल्फना कसं कळलं?"

त्या हसल्या. प्रेमानंच हसल्या. "अगं, तूच नाही का सांगितलंस? नदीपलीकडे रजई! लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुझे." मग पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू घाबरू नकोस. तुझं नाव पहिल्या दिवसापासून वर्गाला जाणाऱ्यांच्या त्या यादीत नाही. मी स्वतः काढायला लावलं. म्हटलं, लुवीला कोणी हात लावायचा नाही, लुवी माझी आहे."

मी घेर उचलला आणि पुढचा टाका घातला. मग त्याच्या पुढचा. पूर्ण घेर संपवला, एकसारखा, कुठे सुरकुती नाही. हात थांबलेच नाहीत. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

निघताना "थँक यू, मिस एलिनॉर" म्हटलं. तेही आपोआप.

शुक्रवार, १० मे

वही पहिल्या पानापासून वाचली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मंगळवार, गुरुवार, शनिवार. जिथे जिथे "फक्त" लिहिलंय तिथे मी बोट ठेवून बघितलं. वेस्लीच्या आधीच्या गुरुवारची पानं नाहीत, तेव्हा वही नव्हती. पण तेव्हाही मी काहीतरी फक्त म्हटलं असणार.

होसिया अंगणात होता. त्याला म्हटलं, तुझं बरोबर होतं. तो "काय बरोबर" म्हणाला नाही. आत येऊन कॉफी केली.

बाईंकडे गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"एकाची नोकरी गेली, एकीचं घर गेलं, तुला ओरखडाही उठला नाही. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. माझ्या वर्गातली हुशार मुलगी म्हणून विचारलं नाही. ती माझी चूक."

"बाई, ती खरंच माझ्यावर जीव लावते. मला तेच कळत नाही."

"लावत असेल. कोंबडी पाळणाराही लावतो." मग प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "रडून घे. झालं की सांग."

झालं तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी जा. गेली नाहीस तर त्यांना संशय येईल. सांग की वर्ग मोडला, म्हातारी खचली, वीस तारखेच्या सोमवारी कोर्टात कोणी जाणार नाही. ज्या वाटेनं आतापर्यंत गेलं त्याच वाटेनं हेही जाऊ दे."

"मला खोटं बोलता येत नाही म्हणतात त्या."

"मग शीक. सहा दिवस आहेत."

रविवार, १२ मे

चर्च सुटल्यावर आयडेलाकडे. ती नव्या पायरीवर बसली होती, वाटाणे सोलत. मी खाली उभी राहून सांगितलं. लग्नाच्या झग्यापासून "भजनाच्या तालमी"पर्यंत, तिची नोकरी माझ्या कुठल्या वाक्यानं गेली तेसुद्धा.

शेंगा सोलणं थांबलं नाही.

"शेरीफची बायको अॅप्रन घेताना काय म्हणाली माहीत आहे? 'तुमच्यातल्याच कोणी सांगितलं, आयडेला.' मी तिला तोंडावर म्हटलं, खोटं बोलता तुम्ही. तीन आठवडे मी त्या बाईला खोटी ठरवत बसले. तुमच्यासाठी."

"मला क्षमा कर."

"नाही."

मी उभीच. टोपलीतल्या शेंगा संपल्या तेव्हा तिनं विचारलं, "शवपेट्यांचं दुकान कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या."

"वाटलंच. तुला लहानपणापासून अशाच कल्पना सुचतात." ती हसली नाही. "वीस तारखेला मी येणार. तुझ्यासाठी नाही. मी आता दोन पानं न चुकता लिहिते."

गुरुवार, १६ मे

बोलले. टाचण्या काढून, चहाचा घोट घेऊन, शांतपणे. बाई खचल्या, वर्ग मोडला, सगळे घाबरलेत, मीही आता फक्त शिवणकाम करणार. केसांनी कान झाकून घेतले होते.

तिनं सुस्कारा सोडला. "बरं झालं गं. माझ्या जिवाला किती घोर होता तुझा." आणि मला मिठी मारली. मिठीत साबणाचा वास होता, आमच्या लहानपणी होता तोच.

हेही लिहून ठेवते, कारण लपवलं तर वही ठेवण्यात अर्थ नाही: त्या क्षणी मला बरं वाटलं. तिला फसवत असताना, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, मला बरं वाटलं.

सोमवार, २० मे

घरचे-दारचे धरून सतरा जण गेलो. बायका हॅट घालून, पुरुष रविवारच्या कोटात. साडेआठला कोर्टाच्या पायरीवर होतो. कारकून कॉफीचा कप घेऊन दाराशी आला आणि रांग बघून कप तसाच धरून आत गेला. मग शेरीफ आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. ते त्याच्या चालण्यावरूनच कळलं. एकाही घरी आदल्या दिवशी कोणी आलं नव्हतं. आता धमकी द्यायला उशीर झाला होता, आम्ही उभेच होतो.

पर्लीन हार्मनांच्या घरचा पत्ता घालून पहिली आत गेली. कारकून एकेकाला पाऊण तास लावत होता. चारला टेबल बंद झालं तोवर आठ जणांचे फॉर्म भरून झाले. पर्लीन, वेस्ली, डीकन बर्चेट, दोन भाऊ रॅन्सम, बाईंची बहीण, मी, आयडेला. बाई बाकावर बसून होत्या. त्यांचं नाव नऊ वर्षांपूर्वीच लागलंय, त्या नुसत्या सोबतीला. निकाल पोस्टानं येणार. बाई म्हणतात, बहुतेकांना नकारच येईल, मग पुन्हा जायचं. मुख्य म्हणजे आठ फॉर्मांवर आजची तारीख पडली.

माझं शिवणकाम संपलं. संध्याकाळी गिरणीचा माणूस येऊन सहाही झगे तसेच घेऊन गेला, बटणं लावायची राहिली होती. होसिया म्हणाला, रेल्वेच्या बायकांनाही कपडे लागतात.

एक गोष्ट राहिली.

सकाळी रांग लावताना मी आयडेलाच्या मागे जाऊन उभी राहिले. ती वळली. "मागे नाही. माझ्यापुढे राहा, मला दिसशील अशी." मी पुढे झाले.

अकराच्या सुमारास एलिनॉरची गाडी आली, कोर्टासमोर रस्त्यापलीकडे थांबली. काच खाली गेली. ती एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत आली आणि माझ्यापाशी थांबली. रागावलेली नव्हती. मूल हात सोडून पळालं की आई बघते तशी बघत होती. मग तिनं हात वर केला, बोटं हलवली.

आणि माझा हात उठला. मी उचलला नाही, उठला. खांद्यापर्यंत गेला असेल.

मागून आयडेला हळूच म्हणाली, "लुवी. हात खाली."

घेतला. एलिनॉरनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग काच वर गेली.

दुपारी माझं नाव पुकारेपर्यंत आयडेलाची नजर माझ्या पाठीवर होती. दोन तास मला ती टोचत होती, आणि ती तिथे आहे म्हणून मी सरळ उभी होते.